फ्योनचा पहारेकरी आणि ईस्टरचा विस्तव

शनिवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. बाल्झ त्सग्रागेन चर्चसमोरच्या लाकडांच्या राशीवर बादलीनं पाणी ओतत होता. रास फादर आश्वांडेननी ईस्टरच्या आगीसाठी स्वतः रचलेली. पण सकाळी अकराला दक्षिणेचा उबदार, कोरडा वारा घाट उतरून दरीत घुसला होता. या वाऱ्याला फ्योन म्हणतात, आणि फ्योन सुटला की उघड्यावर काडीसुद्धा ओढायची नाही, असा गावचा कायदा. तो पाळला जातो का, हे पाहायचा पहारा एकवीस वर्षं बाल्झचा. दातांत चिरूट होता, न पेटवलेला. तो दिवसभर चघळायचा.

फादर धावत आले. "अरे, काय चालवलंयस?"

"बाप्तिस्मा देतोय, फादर."

"आठ वाजता याच आगीवर ईस्टरची मेणबत्ती पेटवायचीय! हजार वर्षांची रीत आहे."

"आणि फ्योनात गाव जळालं त्याला त्र्याण्णव वर्षं. माझ्या आजीच्या घराचा उंबरठा तेवढा उरला."

वाद हरायला लागले की फादर लॅटिनवर उतरत. "फ्योन म्हणजे रोमन लोकांचा फावोनियुस. वसंतातली झुळूक, फुलं उमलवणारी! ते नाव डोंगरापलीकडच्यांनी चावून लहान केलं, मग आपण आणखी चावलं."

"खानदान चांगलं होतं म्हणायचं. पोरगं वाया गेलं."

"तुझ्या बायकोच्या सलूनमध्ये बायकांचे केस वाळवतं, त्या यंत्रालाही फ्योनच म्हणतात. ते बंद कर आधी!"

"वंशात तेवढंच एक शहाणं निघालं. त्याला बटण आहे."

फादर लाल झाले. "आज सरपंचाशीच बोलतो. उद्यापासून पहारा दुसऱ्याकडे."

ही धमकी पोकळ नव्हती. सरपंच चर्चमध्ये गायचा, आणि पहाऱ्याची यादी तोच लावायचा. बाल्झनं चिरूट दुसऱ्या गालात सरकवला आणि उरलेली बादलीही ओतली.

मग म्हणाला, "चीजवाल्या लुसमानचं तळघर दगडी आहे, दार लोखंडी. बंद जागेत कायदा आड येत नाही. तिथल्या तांब्याच्या कढईत पेटवा, कंदिलातून आणा. मी सोबत चालतो."

"ख्रिस्ताचा उजेड चीजच्या कढईतून?"

"जन्म गोठ्यातलाच ना त्याचा? दुधाची सवय असेल."

आठ वाजता कंदील आला. वाटेत वाऱ्यानं गावातल्या झाडून सगळ्या बायकांचे सेट केलेले केस उधळले. मेणबत्ती पेटली, फादरांच्या झग्याला मात्र आंबट दुधाचा वास येत होता. मिस्साची प्रार्थना संपल्यावर ते सरपंचाच्या कानाशी बराच वेळ लागले. बाल्झ दाराशी उभा राहून चिरूट चघळत होता.

सरपंचानं फळ्यावर यादी डकवली. रविवार, पहाटे सहा, पहिली फेरी: बा. त्सग्रागेन. सुरुवात: लुसमानचं तळघर, कढई थंड झाल्याची खात्री करणे.