चपलांचा मान

गावदेवीवरचा माझा विश्वास उडाला तो एका डॉक्टरांच्या केबिनमध्ये. डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "काका, आज वार कोणता?" आमचे हे हसून म्हणाले, "डॉक्टर तुम्ही. तुम्हीच सांगा." मीही हसले. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून माझं नाव विचारलं, आणि हे खिडकीकडे बघत राहिले. घरी आले ती मी तडक देवघरापाशी गेले, समई उचलली आणि कपाटात ठेवून दिली. ज्या माणसाने जन्मभर तुझ्या दारात बसून सेवा केली त्याच्याच डोक्यात तू अंधार करतेस, तर तुला तरी दिवा कशाला, असं बोलले. मोठ्याने बोलले. आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे माझा आवाज खाली येत नाही, देवापुढेही नाही.

ह्यांची सेवा काय ते सांगायला हवं. काशीगावात आमची देवी आहे आणि तिच्या चैत्रातल्या जत्रेत प्रत्येक घराला काही ना काही मान आहे. कुणाचा पालखीचा खांदा, कुणाची पहिली ओटी. आमच्या घराकडे चपला. भक्त देवळात गेले की त्यांच्या चपला सांभाळायच्या. टोकन नाही, चिठ्ठी नाही. बघायचं आणि लक्षात ठेवायचं. माझे सासरे मिठागरावर काम करायचे, पण जत्रेचे दोन दिवस ते चपलांपाशी. त्यांच्यामागे हे. माणूस दर्शन घेऊन बाहेर आला की शेकडो जोडांतून त्याचाच जोड उचलायचा आणि पुढचं टोक बाहेर करून त्याच्या पायांपुढे ठेवायचा, म्हणजे पाय सरकवला की घरची वाट. गर्दीत कुणी चुकलं, मूल असो की म्हातारं, त्याला चपलांपाशी आणून बसवायची पद्धत होती. सासरे म्हणायचे, "मानूस देवलात कवर रेंगालंल ते सांगता न्हाय येत. पन चपलांकडं येल ते येलच."

मला त्या मानाची लाज वाटायची. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटायची. जमीन होती, भात पिकत होतं, पुढे त्याच जागेवर बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि आमच्या वाट्याला लोकांच्या चपला! माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील दर्शनाला यायचे आणि ह्यांच्या हातात चपला द्यायचे. मी आरतीला उभी राहायची आणि मागच्या दाराने घरी जायची. डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या वर्षी मी स्वतःच जत्रेच्या मंडळाला कळवलं की ह्यांना आता बसवू नका, घोटाळा होईल. काळजीने कळवलं असं सगळ्यांना सांगितलं. त्यात सुटका झाल्याचा आनंदही होता, तो सांगितला नाही.

आमच्या मुलाचं, प्रशांतचं, हाटकेशला स्टीलच्या डब्यांचं छोटं युनिट आहे. तो म्हणाला, "आई, बाबांना सगळं विसरायच्या आत कुठेतरी फिरवून आण ना. मी बुकिंग करतोय." मराठी माणसांची टूर, सोबत टूर लीडर, सकाळी पोहे आणि रात्री वरण-भात. थायलंड. आधी दोन रात्री एका थीम पार्कमधल्या हॉटेलात राहायचं, मग अयुथ्या नावाची त्यांची जुनी राजधानी. ते नाव अयोध्येवरूनच पडलंय हे ऐकून ह्यांचा चेहरा इतका उजळला की मला नाही म्हणवेना.

टूर लीडर वैशाली म्हणून होती, चाळिशीची, खमकी बाई. विमानतळावरच तिने सगळ्यांच्या गळ्यात कार्डं घातली, नाव आणि तिचा फोन नंबर. ह्यांच्याबद्दल तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, थोडं कमी ऐकू येतं, बाकी काही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि हॉटेलात पोचल्यावर ह्यांच्या गळ्यातलं कार्ड काढून माझ्या पर्समध्ये टाकलं. शाळेच्या सहलीतल्या पोरासारखे दिसत होते ते मला बघवेना. पासपोर्टही माझ्याकडेच. हे हरवतील म्हणून सगळं मी सांभाळत होते.

थीम पार्कमध्ये माझी अपेक्षा नव्हती इतकी मजा आली. एक लांबलचक पाण्याचा पाट होता, टायरसारख्या ट्यूबमध्ये बसायचं आणि पाणी नेईल तिकडे जायचं. हे त्यात दोन तास होते. भरतीचं पाणी मिठागरात घेतात तसलं ह्यांना ते वाटलं असावं, मधूनच ओरडायचे, "झडप उघडी ठेवा रे!" मी नऊवारी नेसणाऱ्या सासूची सून, गुडघ्यापर्यंत पँट घालून बाजूच्या ट्यूबमध्ये. पण उंच घसरगुंडीपाशी मात्र माझा जीव अर्धा झाला. तिथे लोकांनी स्लिपरा काढून ढीग केला होता. हे त्या ढिगापुढे थांबले, खाली बसले आणि एकेक जोड लावायला लागले. एक गोरी बाई हसून फोटो काढायला लागली. मी ह्यांच्या दंडाला धरून उठवलं. "अहो, लोक बघतायत!" ह्यांनी हातातला जोड तसाच खाली ठेवला.

अयुथ्याला बस पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. विटांचे पडके मनोरे, लांबच लांब भिंती, आणि ओळीने बसलेल्या बुद्धाच्या मूर्ती, बऱ्याचशा बिनडोक्याच्या. वैशाली लढाईचा इतिहास सांगत होती. ह्यांनी मला हळूच विचारलं, "यांची डोकी कोनी नेली गो?" मी म्हटलं, "शत्रूने." हे मान हलवून म्हणाले, "पन बसलेत मात्र शांत." त्या दिवसात मला ओळखून बोललेलं ह्यांचं ते शेवटचं वाक्य.

पलीकडे एक मोठं देऊळ होतं, आत सोनेरी बुद्ध, अजून पूजा चालते ते. वैशालीने चाळीस मिनिटं दिली. मला बाथरूमला जायचं होतं. झाडाखाली बाकावर ह्यांना बसवलं, आमच्या ग्रुपमधल्या देसाई वहिनींना म्हटलं, "जरा ह्यांच्याकडे बघा हं." कशासाठी बघायचं ते सांगितलं नाही, म्हणून त्यांनी एकदा बघितलं आणि त्या मूर्तीचा फोटो काढायला गेल्या. मी परत आले तेव्हा बाक रिकामा होता.

पहिली दहा मिनिटं मी कुणालाच सांगितलं नाही. लाज तेव्हाही सुटली नव्हती. देवळाच्या बाजूच्या दाराशी सँडल काढले, आत सगळं पालथं घातलं, गुडघे टेकलेल्या माणसांचे चेहरे वाकून वाकून पाहिले, आणि पुढच्या दाराने अनवाणीच बाहेर पळाले. मग वैशालीपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, खिडकी, माझं नाव, सगळं.

"काकू, हे मला मुंबईतच सांगायचं ना!" ती म्हणाली. "कार्ड?"

"माझ्याकडे."

"पासपोर्ट?"

"माझ्याकडे."

"मोबाईल तरी?"

"ते वापरत नाहीत."

तिने फोन काढून पोलिसांना लावला. पण मला तिचं न बोललेलं ऐकू आलं. सगळं माझ्याकडे होतं, फक्त माणूस नव्हता. माणसाकडे ना नाव, ना भाषा, ना पत्ता. आणि ड्रायव्हरने हाताने दाखवलं की त्या गावाला चारी बाजूंनी नदी आहे. माझी पाचावर धारण बसली. खाडीकाठचं माणूस, पाणी दिसलं की तिकडे चालू लागतं. घरीही दोनदा ह्यांना खाडीकडच्या रस्त्यावरून आणलं होतं. मी नदीच्या दिशेने पळत सुटले. पाय भाजत होते. होड्यांपर्यंत गेले, लोकांना ह्यांचा फोटो दाखवला, सगळे हात जोडून माना हलवत होते. नदी मोठी होती आणि गढूळ होती.

परत फिरले ती कशी ते आठवत नाही. देवळाच्या आवाराबाहेर एका कठड्याला धरून उभी राहिले आणि त्या परक्या देशात माझ्या गावदेवीला हाक मारली. प्रार्थना म्हणावी असं ते नव्हतं. मी म्हटलं, बाय, मी तुझा दिवा विझवला, ह्यांना तुझ्या दारातून उठवलं तेही मीच. भांडण माझं आहे, त्यात ह्यांना ओढू नकोस. मला आता काही सुचत नाही. तुझा माणूस आहे, तूच बघ. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे पुढचं वाक्य नव्हतं.

पाय फार भाजत होते म्हणून सँडल शोधायला बाजूच्या दाराशी गेले. मघाशी तिथे चपलांचा नुसता ढीग होता, त्यात मी माझे भिरकावले होते. आता ढीग नव्हता. चपला, बूट, स्लिपरा, सगळे जोड ओळीने लावलेले. आणि प्रत्येक जोडाचं टोक बाहेर. मी तिथेच थांबले. असं मी जगात एकाच ठिकाणी पाहिलं होतं.

ओळीच्या टोकाला, भिंतीच्या सावलीत, हे स्टुलावर बसले होते. डोक्यावर गवताची टोपी, मानेवर ओला पंचा. बाजूला कमळाच्या कळ्या विकणारी एक म्हातारी थाई बाई. टोपी तिची, स्टूल तिचं, पंचाही तिचाच. तिने मला हातवारे करून सांगितलं की हे आले, त्यांनी हात जोडले आणि कामाला लागले. बस इकडे, असं म्हणून तिने त्यांना सावलीत बसवलं होतं, आणि ते उठून जाऊ लागले की ती त्यांच्यापुढे आणखी दोन जोड आणून ठेवत होती. कुणी सांगितलं तिला हे? मी विचारलं नाही, आणि विचारायला भाषाही नव्हती.

मी ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळख पटली नाही. मग पायांकडे पाहिलं. "थांबा हां बाय," म्हणाले, उठले, ओळीने चालत गेले. शंभरेक जोड तरी असतील. मधेच वाकले आणि माझे सँडल उचलून आणले, शांती नगरच्या चांभाराकडून काळ्या दोऱ्याने पट्टा शिवून घेतलेले माझेच. माझ्या पायांपुढे ठेवले, टोक बाहेर.

"बसा बाय," म्हणाले. "घाबरू नका. तुमचा मानूस येल. चपलांकडं येल ते येलच."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि रडले. भरपूर रडले. त्यांना वाटलं मी हरवलेली बाई आहे, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते माझ्या पाठीवर हात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होते, माझं माणूस दिसतंय का म्हणून. वैशाली धावत आली तेव्हाही मी उठले नाही. पर्समधून कार्ड काढलं, सगळ्यांसमोर ह्यांच्या गळ्यात घातलं, आणि बसमध्ये चढल्यावर माइक मागून घेऊन सगळ्या ग्रुपला ह्यांचं आजारपण सांगितलं. त्यानंतर उरलेले तीन दिवस ह्यांचा हात धरायला कुणी ना कुणी होतंच. देसाई वहिनी तर ह्यांना पाणी पाजल्याशिवाय स्वतः पीत नव्हत्या. इतकी माणसं मदतीला उभी होती आणि मी मूठ झाकून बसले होते.

हा चमत्कार होता का, मला माहीत नाही. प्रशांत म्हणतो, जुनी सवय मेंदूत सगळ्यात खोल असते. असेल. मी एवढंच पाहिलं की मी सांभाळलेलं सगळं त्या दिवशी निरुपयोगी ठरलं, आणि ज्याची मला लाज वाटत होती त्याने आम्हाला दोघांना परत आणलं. घरी आल्यावर समई बाहेर काढली. चिंच लावून घासली. ह्यांचा आजार बरा कर असं मी आता देवीला सांगत नाही. तुझा माणूस, तू बघ, एवढंच म्हणते आणि माझं काम करते.

यंदाच्या चैत्रात मंडळाला पुन्हा कळवलं. हे बसले, गळ्यात कार्ड, आणि बाजूला मी. काही जोड चुकले, लोकांनी हसून आपापले शोधून घेतले. माझ्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, त्यांच्या चपला मी माझ्या हाताने लावल्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पालखी आत गेली, माणसं पांगली, आणि समोर दोनच जोड राहिले. ह्यांनी थोडा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग माझा जोड उचलून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतःचा त्याच्या शेजारी.

"बाय, तुमचा मानूस आला का?" त्यांनी विचारलं.

"आला," मी म्हटलं, आणि पाय सरकवले.