कारखान्याचं दूध

फरीदाबादच्या ज्या कारखान्यात वडील सुपरवायझर होते, तिथे बॅटऱ्या बनत. देशाचा बाजार खुला झाला होता. नोएडा-गुडगावला नवे फ्लॅट उठत होते आणि प्रत्येक फ्लॅटला इन्व्हर्टर हवा होता, कारण वीज कुठेच टिकत नव्हती. कारखान्यातही ती जायची. मग डिझेल जनरेटर सुरू होई. त्यावर यंत्रं चालत; शिशाची धूळ ओढून घेणारे पंखे बंद राहत. जनरेटरला तेवढा भार झेपत नाही, असं सांगितलं जाई.

वडिलांच्या विभागात शिशाच्या प्लेटा कापून, घासून एकावर एक रचत. पाळी संपताना तिथल्या लोकांना दूध आणि गूळ मिळे. गूळ घशातली धूळ खाली नेतो आणि दूध शिसं धुऊन काढतं, हे मालकापासून कामगारांपर्यंत सर्वांना मान्य होतं. दूध तिथेच प्यावं असा नियम होता. तो कोणी पाळत नसे. ज्याच्या घरी मूल, त्याच्याकडे डबा. वडील पुण्याचे, नियमाला धरून राहणारे. सुरुवातीला त्यांनी ते उभ्याउभ्या तिथेच प्यायलं. धाकटी बहीण अंगावरचं दूध सोडून वरचं पिऊ लागली, तेव्हा त्यांच्याही पिशवीत कडीचा डबा आला.

दूध विभागातच ठेवलेलं असे, प्लेटा रचायच्या टेबलाजवळ, उघड्या पातेल्यात. मशीन सोडून कॅन्टीनपर्यंत जायला वेळ होत नाही म्हणून कामगारांनीच ही सोय मागून घेतली होती. आई ते दूध दोनदा उकळायची. साय साखर घालून बहिणीच्या पोळीवर जायची.

बहिणीचं पोट दुखू लागलं. शेजारणींनी जंत म्हणून सांगितलं, जंताचं औषध झालं. मग ती फिकट पडली, चिडचिडी झाली, बालवाडीतली येत असलेली गाणी अर्ध्यात सोडू लागली. शेवटी तिला दिल्लीच्या सरकारी इस्पितळात नेलं. वडील पाळीवरून थेट तिथे आले होते.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या वर्दीकडे पाहिलं. “यही कपड़े पहनकर बच्ची को गोद में लेते हैं?”

“हाँ जी. और दूध भी देते हैं, फैक्टरी का. रोज़.” आपण मुलीची किती काळजी घेतो, हे वडील सांगत होते.

रक्ताचा अहवाल आला. शिसं होतं, आणि पुष्कळ होतं. कारखान्यातलं काहीही घरी येता कामा नये, बाई म्हणाल्या. दूध नाही, कपडे नाहीत, बूटही नाहीत. मेंदूचं झालेलं नुकसान भरून निघेल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “आगे का बचाइए.”

त्या संध्याकाळी आई म्हणाली, “अहो, मी उकळून देत होते.”

“शिसं उकळून जात नाही.”

“हे तुम्हाला माहीत होतं?”

“अगं, सगळेच नेतात.”

वडिलांनी मॅनेजरकडे मागण्या नेल्या: जनरेटरवरही पंखे चालावेत, सुटताना अंघोळीची सोय असावी, वर्द्या कारखान्यातच धुतल्या जाव्यात, दूध विभागाबाहेर ठेवावं. मॅनेजर हसला. “यार, तुम मराठी लोग हर चीज़ का कानून बना देते हो.” युनियनचा पुढारी जास्त मोकळेपणाने बोलला. “सुपरवायझर साहब, पंखे का वर्कर क्या करेगा? उसको हाथ में कुछ चाहिए.”

वाटाघाटी झाल्या आणि दूध दुप्पट झालं. पुढाऱ्याला हार घातले, गेटवर लाडू वाटले. ज्यांच्या रक्तात शिसं फारच वाढे, त्यांना पूर्वीप्रमाणेच काही महिने पॅकिंगला पाठवत आणि ते उतरलं की परत प्लेटांवर आणत. कारखान्याचा प्रतिबंधक उपाय तो एवढाच.

आमचं क्वार्टर कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. खिडकीच्या गजांवरही करडा थर बसे. वडिलांनी दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज केले. उत्तरं आली नाहीत. मग ते आईला म्हणाले, “हिला पुण्याला माझ्या ताईकडे ठेवू. उतरलं की आणू.”

आई म्हणाली, “म्हणजे तिला पॅकिंगला पाठवताय.”

बहिणीला पुण्याला पोचवून वडील एकटे परत आले आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर गेले. त्यानंतर ते वर्दी दाराबाहेर काढू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याचा फोन आला. शिसं बरंच उतरलं होतं. आईने तिकिटं काढायला सांगितली. वडिलांनी विचारलं, “इथे काय बदललंय?” तिकिटं निघाली नाहीत. बहीण पुण्यातच वाढली.

अभ्यासात ती कायम मागे राहिली. शिसं उतरलं म्हणजे सगळं संपलं, असं आत्या धरून चालली होती. आत्या फोनवर म्हणायची, “मुलगी गोड आहे रे, पण भारी आळशी. एका जागी लक्ष म्हणून लागत नाही.” वडील ऐकून घेत. खरं कारण सांगायचं तर डब्यापासून सांगावं लागलं असतं. “हो, लहानपणापासून तशीच आहे,” असं म्हणून ते फोन आईकडे देत. आई तब्येतीची चौकशी करी.