वहिनींच्या नव्या तबकड्या

माझ्या किल्ल्यांच्या दुकानाला लागून एक अरुंद दुकान आहे. समोरून पाहिलं तर एक दार आणि एक काच, बस्स. आत मात्र ते लांबच लांब गेलंय, बोळासारखं. दोन्ही भिंतींना लाकडी खोकी आणि त्यांत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. जुनी गाणी तिथे मिळत नाहीत. एखादे आजोबा काचेतल्या तबकड्या पाहून हौसेने आत शिरतात आणि तोंड वाकडं करून बाहेर पडतात. तिथे मिळतं ते फक्त टेक्नो आणि तसलंच यंत्रांवर केलेलं संगीत, तेही नवीन, नुकतं छापून आलेलं. त्यात शब्द नाहीत, गायक नाही. ठोका असतो आणि ठोक्याच्या मागे काहीतरी हलत असतं.

दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. गिऱ्हाइकं बहुतेक त्यांच्या मुलीच्या वयाची. कुणाचं डोकं तासलेलं, कुणाच्या भुवईत बाळी, पण दारातून आत आली की सगळ्यांच्या तोंडी ‘वहिनी’. कारण त्यांच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणायचे. पुढे दादा गेला आणि वहिनी राहिल्या. गेला म्हणजे वारला नाही, निघून गेला.

दादा पूर्वी सभागृहांना स्पीकर आणि माइक भाड्याने द्यायचा. वहिनी तेव्हा शिवणकामाच्या एका कारखान्यात होत्या. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कधी मोठाले पडदे शिवणं. एका सभागृहाचे पडदे लावायला ह्या गेल्या आणि स्पीकरच्या तारा ओढायला तो आला. त्याची तार पडद्यात अडकली, पडदा उसवला, भांडण झालं आणि पुढे लग्नही. माझ्या आईला ह्या जोडीचं फार नवल वाटायचं, कारण वहिनी त्याला चारचौघांत ‘तू’ म्हणत.

हे दुकान दादाच्या वेडापायी निघालं. भाडेकरार मात्र वहिनींच्या नावावर झाला, कारण मालकाला पगारदार माणूस हवं होतं. त्यापलीकडे वहिनींचा दुकानाशी संबंध डबा आणून देण्यापुरता. “मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही,” असं त्या म्हणायच्या, आणि डबा ठेवून कानांवर हात ठेवत बाहेर यायच्या.

मुलगी दुसरी-तिसरीत असेल तेव्हाची गोष्ट. एका सकाळी वहिनी माझ्याकडे आल्या.

“दुकानाचं कुलूप बदलायचंय.”

“किल्ली हरवली का?”

“माझी आहे. दुसरी ज्याच्याकडे आहे तो हरवलाय.”

मी हसलो. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने पेचकस उचलला. नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. दादाने दुसऱ्या शहरातून फोन केला होता. दुसऱ्यांच्या तबकड्या विकून त्याला वीट आला होता. त्याला स्वतःचं संगीत करायचं होतं, आणि घर, दुकान, शाळेची फी ह्या सगळ्या गराड्यात त्याला काही सुचत नव्हतं. थोड्या दिवसांनी येतो, म्हणाला. ते थोडे दिवस लांबतच गेले. पहिली दोन-तीन वर्षं मुलीच्या वाढदिवसाला फोन यायचा, पुढे तोही बंद झाला.

वहिनींनी दुकान मोडायचं ठरवलं होतं. पण झालं असं की तबकडी छापून यायला महिनेच्या महिने लागतात, त्यामुळे दादाने आधीच सांगून ठेवलेला माल तो गेल्यावरही येत राहिला. दर शुक्रवारी दारात खोकी. परत घ्यायला कुणी तयार नाही. एवढं विकू आणि मग कुलूप घालू, असं म्हणून वहिनींनी कारखान्यातून रजा घेतली आणि गल्ल्यावर येऊन बसल्या.

बसल्या खऱ्या, पण विकायचं काय हेच कळेना. ह्या तबकड्यांची तऱ्हा अशी की पुष्कळदा पाकीट कोरं, मधल्या गोल कागदावर फक्त एक शिक्का. नाव नाही, गाव नाही. गिऱ्हाईक यायचं आणि तोंडाने वाजवून दाखवायचं.

“वहिनी, ती आलीय का हो? धड् धड् च्स्स, धड् धड् च्स्स?”

“अरे बाबा, ह्या सगळ्या तशाच आहेत.”

“नाही हो. त्यात मध्येच एक ऊंऊं येतं.”

वहिनी कपाळाला हात लावायच्या. पण हात लावून खोकी रिकामी होणार नव्हती. म्हणून त्यांनी एक केलं. सकाळी दुकान उघडलं की नवीन आलेली प्रत्येक तबकडी हेडफोन लावून ऐकायची, उभ्याने, दोन्ही बाजू, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत. आणि जे ऐकलं ते कागदाच्या चिठ्ठीवर आपल्या भाषेत लिहून पाकिटावर चिकटवायचं. मला येऊन म्हणाल्या, “दुपारपर्यंत जरा किल्ल्या कापू नका, तुमचं यंत्र किंचाळतं.” तेव्हापासून मी सकाळी कुलपं दुरुस्त करतो आणि किल्ल्या जेवणानंतर कापतो.

चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत. “रिकाम्या इमारतीत कुणीतरी जिना उतरतंय.” “बराच वेळ काहीच होत नाही. मग दार उघडतं.” “दात दुखत असेल तर घेऊ नका.” “चांगली आहे, पण शेवट करायचं विसरलाय.” गिऱ्हाइकं आधी हसली. मग चिठ्ठ्या वाचून निवडायला लागली. मग लांबून, दुसऱ्या वस्त्यांतून, नुसत्या चिठ्ठ्या वाचायलाही येऊ लागली. डीजेचं काम करणारी एक मुलगी तर गुडघ्यांवर बसून अख्खं खोकं वाचून काढायची आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मालाची खोकी संपली तेव्हा वहिनींनी नवीन मागवली. कारखान्यातली रजा परस्पर संपून गेली.

त्यांना ते संगीत आवडायला लागलं का, हे मी एकदा विचारलं होतं. त्या रेकॉर्ड प्लेयरच्या सुईवरची धूळ ब्रशने काढत होत्या.

“आवडणं-बिवडणं माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आधी वाटायचं, डोक्यात कुणी खिळे ठोकतंय. मग एकदा लक्षात आलं की ही शिलाई आहे. टाका तोच असतो, खालून कापड सरकत असतं. लोक टाका ऐकतात आणि म्हणतात, हे सारखंच आहे. कापड ऐकायचं असतं.”

मी ऐकून पाहिलं. मला खिळेच ऐकू आले.

मुलगी मोठी झाली. तिला ह्या संगीताचा तिटकारा, आणि ती तो लपवतही नसे. शाळा सुटली की ती माझ्या दुकानात बसून अभ्यास करायची. पुढे ती शहर बससेवेत ड्रायव्हर झाली. आमच्या रस्त्याच्या टोकाला थांबा आहे, तिथून सुटणारी गाडी तिच्याकडे आली. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत गणवेशातच आईकडे डोकावायची, काहीतरी खायची, गल्ल्यावरच्या चिठ्ठ्या वाचून म्हणायची, “आई, तू ह्या लोकांना वेड लावणार आहेस.” “ते येतातच तसे,” वहिनी म्हणायच्या.

आणि मग एका शुक्रवारी दादा आला.

मी दुकानाबाहेर पायरी झाडत होतो. खांद्यावर खोकं घेतलेला एक माणूस येताना दिसला. वाटलं, माल पोचवणारा. जवळ आला तेव्हा चालीवरून ओळखलं. पाठीत वाकला होता, दाढी पिकली होती. त्याने मला पाहून मान हलवली, जणू कालच भेटलो होतो, आणि आत गेला. मीही झाडू हातात घेऊनच मागोमाग दारात उभा राहिलो. बरं दिसलं नाही, पण राहिलो.

आत चार-पाच गिऱ्हाइकं होती. त्यांच्यातल्या कुणी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. वहिनींनी वर पाहिलं. हातातली चिठ्ठी त्यांनी पुरी लिहिली, चिकटवली, मग बोलल्या.

“काय आणलंत?”

‘आणलंत’ म्हणाल्या. त्या सगळ्या पुरवठादारांशी तसंच बोलतात. दादाच्या खांद्यावरचं खोकं जरासं हललं.

“रेकॉर्ड,” तो म्हणाला. “माझी. मीच केली, मीच छापून घेतली. पहिलीच आहे.”

“ठेवा तिथे. हातातली एक संपली की ऐकते.”

“मी थांबू?”

“बाहेर थांबा. इथे जागा कमी पडते.”

तो माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसला. दोन दुकानांच्या मध्ये लाकडाची अर्धी भिंत आणि वर काच आहे. काचेतून वहिनींची पाठ आणि फिरणारी तबकडी दिसते, ऐकू काहीच येत नाही. तो काचेकडे बघत बसला आणि बोलत राहिला, मी विचारलं नव्हतं तरी. गोदामात माल उचलायचं काम करत होता. भाड्याच्या एका गॅरेजात यंत्रं मांडली होती. सुट्टीच्या दिवशी करायचा, ऐकायचा, पुसून टाकायचा. “एवढी वर्षं?” मी म्हटलं. “पटत नव्हतं,” तो म्हणाला. पुढे घरी दोन ओळीही का कळवल्या नाहीत, असं मी विचारलं. आज कळवू, उद्या कळवू करता करता, असं काहीसं पुटपुटला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण समोर बसलेला माणूस दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखा दिसत होता.

वहिनींनी त्याची तबकडी लावली. पहिली बाजू वाजत असताना त्या जराही हलल्या नाहीत. मग उलटी केली. एवढ्यात मुलगी आली, गणवेशात, हातात सफरचंद. माझ्या दारातून आत डोकावली आणि थबकली. दादा उठून उभा राहिला. तिने त्याला ओळखलं, हे मला दिसलं. सफरचंदाचा घास तिने चावून संपवला.

“आई ऐकतेय,” ती म्हणाली. “मध्ये बोललेलं तिला चालत नाही. बसा.”

तो बसला. ती दाराला टेकून उभी राहिली. आम्ही तिघंही त्या पाठीकडे बघत होतो. दुसऱ्या बाजूच्या मधल्या भागात कुठेतरी वहिनींनी डावा हात गल्ल्यावर ठेवला, पालथा, कापड दाबून धरावं तसा. संपेपर्यंत तो तिथेच होता.

मग हेडफोन काढून त्या बाहेर आल्या.

“पहिली बाजू लांबली आहे,” त्या म्हणाल्या. “कुणी कंटाळेल ह्या भीतीने दर थोड्या वेळाने काहीतरी नवीन टाकत राहिलात. तिथे टाकाच नीट बसलेला नाही. दुसरी बरी आहे.”

“बरी म्हणजे?”

“बरी म्हणजे चांगली आहे. ती करताना तू कुणाला घाबरला नव्हतास.”

दादाने तोंडावरून हात फिरवला. मग तो म्हणाला, “तू मला काही विचारणार नाहीस?”

“विचारायचं होतं,” वहिनी म्हणाल्या. “खूप होतं. ते विचारून विचारून संपलं. एकटीनेच विचारलं, उत्तरंही मीच दिली. आता तुम्ही वेगळी उत्तरं द्याल आणि मला परत सगळं उसवावं लागेल. तेवढा धीर नाही. हिला काही विचारायचं असेल तर विचारेल.”

मुलीने घड्याळ पाहिलं.

“राहता कुठे?” तिने विचारलं. त्याने सांगितलं. महिन्याभरापूर्वी तो ह्याच शहरात परत आला होता, पार शेवटच्या थांब्याच्या पुढे खोली घेतली होती.

“ती गाडी माझीच आहे. आता सुटेल. येत असाल तर चला.”

तो तिच्या मागे निघाला. गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी असते. मुलीने मला नंतर सांगितलं, तो पहिल्या सीटवर बसला, शेवटपर्यंत बसला आणि त्या पाटीचा मान राखला. उतरताना म्हणाला, “वळणं छान घेतेस.” ती म्हणाली, “पुढचं दार दाबून उघडा, अडकतं.”

वहिनींनी त्याच्या खोक्यातल्या थोड्या तबकड्या ठेवून घेतल्या, उरलेल्या मी माझ्या माळ्यावर टाकल्या. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, “उलटी बाजू आधी ऐका.” एवढंच. कुणाची आहे हे लिहिलं नाही, आणि पाकिटावरही नाव नव्हतं. त्या तबकड्या हळूहळू संपल्या. गुडघ्यांवर बसून चिठ्ठ्या वाचणाऱ्या त्या डीजे मुलीने एक नेली आणि आठवड्याने येऊन आणखी एक नेली, पहिली वाजवून वाजवून झिजली म्हणून.

पुढच्या वर्षी त्याने दुसरी आणली. ती वहिनींनी ऐकली आणि परत केली. “ही नको,” म्हणाल्या, “ही मला आवडावी म्हणून केली आहे.” मला वाटलं, आता हा चिडणार. तो चिडला नाही. खोकं खांद्यावर घेऊन थांब्याकडे गेला.

तो घरी परत राहायला आला नाही आणि कुणी बोलावलंही नाही. मुलगी अधूनमधून शेवटच्या फेरीनंतर त्याच्याकडे जेवते. त्याला स्वयंपाक येत नाही, असं ती सांगते, पण भांडी चकचकीत ठेवतो. बाबा म्हणायला तिची जीभ वळत नाही. ‘अहो’ म्हणून काम भागवते. परवा मुलगी त्याच्याकडे निघाली तेव्हा वहिनींनी तिच्या हातात नवीन आलेली एक तबकडी दिली.

“त्याला दे,” म्हणाल्या. “ऐकून काय वाटतं विचार. मला काही ठरवता येत नाहीये.”