खंडेनवमीचं खोबरेल

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गाडी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट सलग, रंग दुधावरच्या सायीचा. मुळात ती सानपाड्याच्या एका डॉक्टरांची. आबा त्यांचे ड्रायव्हर. दवाखाना बंद केला त्या दिवशी डॉक्टरांनी किल्ली आबांच्या हातावर ठेवली. डॉक्टर पुढे वारले, तरी दर दसऱ्याला आबा गाडी घेऊन बाईंकडे, डॉक्टरांच्या पत्नीकडे, सोनं द्यायला जायचे. बाई बोनेटला कुंकू लावायच्या आणि मागे डावीकडे, आपल्या जुन्या जागी बसून वाशीच्या खाडीपर्यंत एक फेरी मारून यायच्या. माझा कॉलेजचा फॉर्म बाईंनीच त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून भरून दिला होता.

गेल्या वर्षीचा दसरा त्यांचा इथला शेवटचा होता. दुसऱ्याच दिवशी त्या कायमच्या मुलीकडे बंगळुरूला जाणार होत्या. अकराला गाडी आणतो, असा आबांचा शब्द होता.

नऊ वाजता आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत आबांनी चावी फिरवली. स्टार्टर घुरघुरला, पण इंजिन काही पकडेना.

आदल्या दिवशी खंडेनवमीला मी पान्हे, जॅक पुसून त्यांना तेल लावलं होतं. गावाकडे आजोबा कोयत्या-विळ्यांना लावत तसं. मग बोनेट उघडून, डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून आतल्या चकाकत्या भागांवरूनही खोबरेलाचं बोट फिरवलं. श्रद्धेनंच. त्याचा आणि बंद गाडीचा काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

"पेट्रोलचा वास हाय," आबा वाकून म्हणाले. "करंट न्हाई."

आबा चौथीपर्यंत शिकलेले. मी घरातला पहिला पदवीधर, तोही विज्ञानाचा, तुर्भ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करणारा. आबांनी डिकीतून दोन वायरी लावलेला एक छोटा बल्ब काढला आणि मी नुसता बघत राहिलो. त्यांनी तो ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या एका टोकाला लावला. पेटला. "हितवर आलं." मग दुसऱ्या टोकाला लावला आणि मला चावी फिरवायला सांगितलं.

"लुकलुकायला पायजे," ते म्हणाले. "ह्यो तर समईवानी जळतोय."

मग त्यांनी कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून उपसली आणि कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यात धरून इंजिनच्या लोखंडाजवळ नेली. एक बारीक तार कॉइलला जोडून तिचं मोकळं टोक माझ्या हातात दिलं. "टेकव लोखंडाला."

मी टेकवलं. काहीच झालं नाही.

"आबा, कॉइल गेली. आज दुकानंही बंद."

"आरं, ठिणगी टेकवल्यावर न्हाई पडत. उचलल्यावर पडती. उचल!"

मी तार उचलली. टक्! जाड वायरीच्या टोकापासून लोखंडापर्यंत एक निळी रेघ उमटली आणि गेली.

प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह खंडित झाला असता दुय्यम वेटोळ्यात उच्च विभवांतर निर्माण होते. बारावीला हे वाक्य मी घडाघडा म्हणायचो. आमच्या तालुक्याच्या शाळेत ते दाखवणारं उपकरण काचेच्या कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप होतं. वाक्याला पूर्ण मार्क मिळाले. पण 'खंडित' या शब्दात एवढा उजेड आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी पुन्हा टेकवलं, उचललं. पुन्हा.

"बास की आता! दिवाळी हाय का?" आबा ओरडले. "कॉइल जित्ती हाय. म्हंजी खोट पॉइंटात."

पॉइंट म्हणजे धातूची दोन इवली टोकं. इंजिन फिरलं की ती मिटतात, उघडतात. मी हाताने केलं तेच ती सतत करतात. आबांनी डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं, आत बोट लावलं आणि वास घेतला.

"खोबरेल?"

"आबा, मीच. काल."

आबांनी बोट फडक्याला पुसलं. "गाडीची चंपी केलीस व्हय रे? आता भांग बी पाडायचा हुतास!"

टोकांमध्ये तेल बसलं होतं. ती मिटूनही जुळत नव्हती. जे जुळलंच नाही ते तुटणार कसं? आबांनी पेट्रोलच्या फडक्याने ती पुसली. मग मधून फिरवायला जाड कोरडा कागद हवा होता. मी पाकिटातून माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं. ते त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"ह्याच्यावर बी.एस्सी. लिवलंय."

"अजून ढीगभर आहेत, आबा."

त्यांनी कार्ड शर्टच्या खिशात ठेवलं आणि पूजेच्या अगरबत्तीच्या पुड्याचा पुठ्ठा फाडून घेतला.

या वेळी बल्ब लुकलुकला. टोपण आणि जाड वायर परत बसवली, चावी फिरवली आणि इंजिनने धरलं.

सानपाड्याला पोचायला सव्वाअकरा झाले. बाई फाटकात तबक घेऊन उभ्या होत्या. "आज पहिल्यांदा उशीर केलात हं."

"पोरानं पूजा जरा जास्तच केली, बाईसाहेब."

बाई हसल्या. बोनेटला कुंकू लावून त्या मागे डावीकडे बसल्या. खाडीपाशी आबांनी गाडी थांबवली आणि सवयीने चावीकडे हात नेला.

"बंद नका करू," बाई म्हणाल्या. "चालू राहू दे थोडी."

मी कुंकवाचं बोट उमटलेल्या बोनेटकडे बघत होतो. त्याच्याखाली, कुणाला न दिसता, ती निळी ठिणगी पडतच होती.