विहीणबाईंचा पेला

आमच्या विहीणबाईंना मी कधीच प्रत्यक्ष भेटलो नाही. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मार्ता त्यांचं नाव. राहणार कोलंबिया. आमची सून लुस, तिची आई.

फोन लागला की आधी त्या एकेकाची तब्येत विचारायच्या. माझी शुगर, हिची कंबर, अगदी आमच्या कुत्र्याचीसुद्धा.

म्हणून आज मीही तसंच करतो. व्याही, गुडघा कसा आहे? लुसच्या मावशींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? तुमच्या धाकट्याचा खोकला गेला?
(लुस तुमच्या भाषेत वाचून दाखवेल.)

आमचा मुलगा ॲलन शिपवर होता, तिकडेच लुसशी ओळख झाली. लग्नाचं कळलं तसं आमच्या गावात, नंदाखालमध्ये, प्रत्येक जण एक्स्पर्ट.

"नाचणारी असेल."
"तापट असतात त्या. डबिंगच्या सिरियलीत बघितलंय, ताटं फेकतात."
माझी थोरली बहीण, फुलपाड्याची नाताल बाय, तिने तर निकालच दिला, "वरीसभर टिकली तरी खूप."

आली ती अकाउंट्स शिकलेली अबोल पोर. मिरची जिभेला लागली की डोळ्यांत पाणी. रिसेप्शनला खुर्चीवरून उठली नाही. नाचली कोण? नाताल बाय. बँडवाले दमले.

तिकडेही आमच्याबद्दल कमी नव्हतं बरं का!
विहीणबाईंनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर विचारलं, "हत्ती कुठे बांधता?" मग हळूच, "माझ्या पोरीला देव बदलायला लावणार का?"

मी फोन घेऊन अंगणातल्या क्रूसापाशी गेलो. त्या बघतच राहिल्या.
मग त्यांनी केळीच्या पानात बांधून उकडलेलं काहीतरी दाखवलं. हिने धावत जाऊन तव्यावरची पानगी आणली, तीही केळीच्या पानातली. दोघी एकमेकींच्या पानांकडे बघून हसत बसल्या.

पण फोन ठेवताना प्रश्न एकच असायचा.
"लुस तिकडे एकटी तर नाही ना?"

त्या अचानक गेल्या तेव्हा लुसचे दिवस भरत आले होते. डॉक्टर म्हणाले, विमान नाही.
पोर रडली नाही. जेवेना, बोलेना. आम्हाला तिच्या पोटातल्या बाळाची धास्ती.

शेवटी तिने स्वतःच आईचा फोटो मांडला. मेणबत्ती लावली. शेजारी काचेच्या पेल्यात पाणी. तिकडची रीत, नऊ संध्याकाळी रोझरी आणि आत्म्यासाठी पाणी.

पहिल्याच संध्याकाळी घर भरलेलं. नाताल बाय फुलपाड्याहून बस, रिक्षा करत घामाघूम आली.
समोर पेला दिसला. उचलला. घटाघटा प्यायली.

"अगं बाय!" आमची ही ओरडली. "ते विहीणबाईंचं पाणी होतं!"
"मग आधी सांगायचं ना! आता काय करू, ओकू?"

मी लुसकडे बघायला घाबरलो.

लुस हसली. हसता हसता बायच्या गळ्यात पडून रडायला लागली. आई गेल्यावर पहिल्यांदा.

रडणं ओसरल्यावर तोडक्या मराठीत म्हणाली, "आत्या, माझी आई पाहुण्याच्या आधी कधी पाणी पीत नव्हती. तू आधी प्यायली. आता ती पिणार."

त्या रात्री बायने तिला स्वतःच्या हाताने पेज भरवली. बाय नऊ दिवस आमच्याकडेच राहिली. पेला रोज तीच भरायची. सकाळी उजेडात धरून बघायची.
"उतरलंय रे थोडं."
"बाय, हवेने उतरतं ते."
"तू गप. पिणारीला माहीत."

खरं काय ते मला अजून कळलेलं नाही. पण आता मीही सकाळी चोरून बघतो.

आज फोटोपुढे दोन पेले आहेत. एक विहीणबाईंचा, एक पाहुणीचा. पाहुणी मघाशीच फुलपाड्याहून आली. आधी पाणी प्यायली, मग नातवाला लुसच्या कडेवरून ओढून घेतला.

विहीणबाई, लुस एकटी नाही. निवांत असा.

आणि व्याही, तुमच्याकडे पेल्यातलं पाणी उतरतं का हो? बघून लवकर लिहा. बाय वाट बघतेय.