आण्णा अनवाणी चढले

माझ्या वडिलांची, आण्णांची, माझ्याबद्दल एकच तक्रार होती आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवायचे. "ह्यानं माझं कधीच ऐकलं नाय." खोटं नव्हतं ते. मखमलाबादच्या मळ्यात त्यांनी शेवंती लावली ती माझ्या भरवशावर, आणि मी गेलो इंजिनिअर व्हायला. नाशिकातच नोकरी धर म्हणाले, तर नव्वदच्या दशकात मी थेट अमेरिका गाठली. लग्नसुद्धा माझ्याच मर्जीने केलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी आई-आण्णा माझ्याकडे आले, तेव्हा भरपाई म्हणून की काय, मी त्यांना जमैका बेटावर नेलं. तिथे एक धबधबा आहे, टप्प्याटप्प्याने उतरत समुद्राला मिळणारा. लोक एकमेकांचे हात धरून त्या पाण्यातूनच खालून वर चढतात. त्यासाठी मी तिघांना रबरी बूट घेतले होते.

आण्णांनी आपले काढून बाजूला ठेवले. "वाहत्या पाण्यात पायताण? गंगेत जातो का आपण असं?" गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.

सोबतचा गाइड, एक उंचापुरा हसरा माणूस, बूट घालाच म्हणून मागे लागला. एरवी मीही आण्णांवर खेकसलो असतो. त्यांना कैक वर्षांची शुगर, पायांना जपा असं डॉक्टर दरवेळी बजावत. पण त्या दिवशी मला चांगला मुलगा व्हायची हौस आली होती. मी गाइडला म्हणालो, यांचा सगळा जन्म चिखलात अनवाणी गेलाय, शिवाय आमच्यात पाण्याचा मान ठेवतात. त्याने छातीवर हात ठेवला आणि वाट दिली.

आण्णा काय चढले! एका हातात आईचा हात, दुसऱ्या हातात कुणा अनोळखी आजीबाईंचा. चारचौघांत त्यांनी आईचा हात धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आई गारठून ओरडत होती.

"कुठं गार हे?" आण्णा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

वर पोचल्यावर खडकावर रक्त दिसलं. त्यांच्या अंगठ्याखाली बोटभर चीर पडली होती.

"दुखतंय का आण्णा?"

"छ्या! अजिबात नाय."

मला हायसं वाटलं. इतका शिकलेला मूर्ख शोधून सापडायचा नाही. दुखत नव्हतं, म्हणूनच घाबरायला हवं होतं. शुगरने पाय बधिर झालेत हे पाणी गार लागलं नाही तेव्हाच कळायला हवं होतं.

नाशिकला परतल्यावर ती जखम चिघळत गेली. शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. मी विमानात बसलो ते त्यांच्या शिव्या खायच्या तयारीने. दवाखान्यात शेजारच्या मळ्यातले काका भेटायला आले होते. मला दारात बघून आण्णांचा चेहरा खुलला.

"ह्यो बघा, आला माझा पोरगा," ते काकांना म्हणाले. "तिकडं परमुलखात त्या माणसाशी माझ्यासाठी भांडला. आण्णा म्हणतील तसंच, म्हणाला."

मी चादरीकडे बघत उभा राहिलो. डाव्या बाजूला ती अर्ध्यातच सपाट झाली होती.

त्यानंतर आण्णा दोन वर्षं जगले. ती जुनी तक्रार त्यांनी पुन्हा कुणाला ऐकवली नाही. मी मात्र दर फोनवर तिची वाट बघायचो.