हाताला लागतील असे डबे

आमच्या घरात कात्री सापडली नाही की आमचे हे विचारायचे, "कुणाला इश्यू केली?" लग्नानंतर पहिले दोन महिने मला वाटायचं हा माणूस माझी चेष्टा करतो. मग कळलं, चेष्टा कसली, स्वभावच तो. भोसरीतल्या एका वर्कशॉपात ते स्टोअर सांभाळायचे. ड्रिल, नट-बोल्ट, पॉलिश पेपर, हातमोजे, ज्याला जे लागेल ते चिठ्ठी घेऊन द्यायचं आणि काम झालं की परत जागेवर ठेवायचं. दिवसभर हेच केलेला माणूस घरी आल्यावर वेगळा कुठून होणार? मी तशी तोंडाची फटकळ. एकदा वैतागून म्हणाले, "कात्री मीच मला इश्यू केली, चिठ्ठी फाडायची राहिली." हसले नाहीत हो. म्हणाले, "मग काम झालं की जागेवर ठेव."

सत्तर साल नुकतंच उलटलं होतं तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या एका जुन्या शेतकरी घराण्यानं आपल्या वावराच्या कडेला ओळीनं खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या, त्यातली एक आमची. एक खोली, पुढे हातभर पडवी, सगळ्यांत मिळून एक नळ. सामान ठेवायला भिंतीत एक कोनाडा, बाकी रामराम. कंपनीत मशीन ज्या लाकडी खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या यांनी आणल्या आणि चार रविवार घालवून भिंतभर मांडणी ठोकली. फळ्यांवर छत्रीचं चित्र आणि वर जाणारे बाण छापलेले. एक फळी चुकून उलटी बसली, तर ती छत्री शेवटपर्यंत उलटीच राहिली. ते दिसलं की हे अस्वस्थ व्हायचे आणि मला उगाच बरं वाटायचं.

त्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. संगमनेरकडच्या आमच्या गावी त्या मोठ्या दिरांकडे असायच्या. डोळ्यांत काचबिंदू झाला, कळेपर्यंत उशीर झाला. उजेड आणि अंधार एवढंच काय ते उरलं. पुण्याच्या डॉक्टरनं गेलेली नजर परत यायची नाही म्हणून स्पष्ट सांगितलं, आणि दवाखान्यातून यांनी त्यांना थेट आमच्या खोलीवर आणलं. मोठे दीर म्हणाले होते, ठेवा थोडे दिवस, नवरात्रात येऊन बघतो, जमत नसेल तर घेऊन जातो.

आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या हातात चहाची बशी दिली, तर बशी तशीच धरून बसल्या. म्हणाल्या, "तिकडं बी असंच हुतं. समदं हातात आणून द्यायचे. पोरं चांगली हायेत, न्हाई म्हणत न्हाई. पण मी जिती हाय का खाटंवरचं गठुडं, तेच कळंना." मग बशी खाली ठेवून म्हणाल्या, "हितं माझ्या हातानं चहा करता आला तर ऱ्हाते. न्हाई तर थोरला येईल तवा जाते त्याच्यासंगं."

मला त्यांनी राहायला हवं होतं, हे मी उघडच सांगते. हे पहिल्या पाळीला गेले की दिवसभर त्या खोलीत मी आणि भिंती. घरमालकीणबाई अधूनमधून डोकावायच्या, पण त्यांना गुरंढोरं, शेत. आत्याबाई आल्यापासून मला बोलायला माणूस मिळालं, आणि बाई बोलण्यात अशी पक्की की मी एक बोलले तर त्या दोन ऐकवायच्या. मला माझ्या तोडीचं माणूस मिळालं होतं.

मग आमच्या स्टोअरवाल्यांनी मनावर घेतलं. सलग तीन संध्याकाळी बसून प्रत्येक डब्याला पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलं, त्यावर सुबक अक्षरात नंबर घातले. एक नंबर साखर, दोन नंबर चहा, असे एकवीसपर्यंत. आईला मांडणीपुढं बसवून तिचा हात पहिल्या डब्यावर ठेवला. आत्याबाईंनी चाचपून पाहिलं. "कागद चिकटावलाय की रं. काय लिवलंय त्याच्यावर?"

हे तिथंच खाली बसले. मला आधी हसू फुटलं. तीन दिवस मी तरी काय करत होते? मीच खळ करून दिली होती कार्डं चिकटवायला.

शेवटी रस्ता आत्याबाईंनीच काढला. स्टोव्हपुढं पाट ठेवायला लावला, त्यावर बसल्या आणि हात पसरला. हात जिथं टेकला तिथं म्हणाल्या, "हितं साखर." तोच हात जरा अलीकडं आणून, "हितं चहा." डाव्या हाताला मीठ आणि तिखट. पीठ गुडघ्यापाशी, कारण ते जड. ज्या वस्तू रोज लागतात त्या बसल्या जागी, ज्या सणावाराला लागतात त्या उभं राहून. हे खडू घेऊन फळीवर खुणा करत होते आणि मध्येच माझ्याकडं बघून म्हणाले, "अगं, आमच्या स्टोअरमध्ये पण असंच असतं. जास्त खपाचा माल पुढं." त्यांना आई एकदम हुशार वाटायला लागली.

स्टोव्ह तेवढा मी पेटवून द्यायचा अशी अट घातली होती, ती त्यांनी कुरकुरत मान्य केली. आठवड्याभरात त्या चहा करायला लागल्या. महिनाभरात आमटीला फोडणी द्यायला लागल्या. चमचा डब्यातून वर काढताना त्याच्यावर दुसऱ्या हाताचं बोट फिरवून माप बघायच्या. माझ्यापेक्षा चहा चांगला व्हायचा, आणि ते मला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागायचं.

मांडणी मात्र बघवत नव्हती. मोठ्या डब्याशेजारी इवलीशी डबी, तिच्यापुढं पसरट पातेलं, मग पुन्हा उंच डबा. आमच्यात घरात शिरलेली बाई आधी मांडणी बघते. मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत गेलेले, लख्ख घासलेले डबे दिसले की समजायचं बाई कामाची आहे. घरमालकीणबाई तर दारातूनच म्हणाल्या, "अगं, ही काय मांडणी म्हणायची व्हय?" मी कारण सांगितलं, त्यांनाही पटलं. पण मला ते बोलणं लागून राहिलं. मी कामसू होते आणि ते लोकांना दिसावं असं मला वाटायचं. वय होतं माझं तेवीस.

नवरात्राच्या आधी घर काढलं. आमच्याकडे पद्धतच तशी. भांडंकुंडं, डबे, अंथरूण-पांघरूण सगळं बाहेर, जाळ्या-जळमटं काढायची, भिंती पुसायच्या, डबे राखेनं घासून उन्हात वाळवायचे. आत्याबाई पडवीत बसून डबे पुसून देत होत्या. ते झालं, आणि सगळं ज्याच्या त्याच्या खुणेवर परत गेलं. पण पुढं शुक्रवारी मी चाळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला होता तेव्हा मनात आलं, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. सगळे डबे उतरवले आणि उतरत्या ओळीत लावले. काय सुंदर दिसत होती माझी मांडणी! बायका बघून गेल्या, घरमालकीणबाईंनी तोंड भरून कौतुक केलं. त्या आनंदात मी डबे परत लावायची विसरले. आता लावू, मग लावू करता करता झोपले.

सकाळी मोठे दीर दारात. नाशिक रस्त्याच्या पहिल्या एसटीनं आले होते. यांची दुसरी पाळी, म्हणून हे घरीच. आत्याबाईंचं तोंड एवढं उजळलं की बस. "बस बाबा, चहा टाकते. मी टाकते." त्यांनी 'मी' वर जो जोर दिला तो मी ऐकला. स्टोव्ह पेटवून दिला, तेवढ्यात नळाला माझा नंबर आल्याची हाक आली. हंडा घेऊन पळाले.

परत आले तर तिघांच्या हातात कप. उंबऱ्यात पाय ठेवला आणि समोर ती माझी झकपक ओळ दिसली. साखरेच्या जागी त्याच मापाचा मिठाचा डबा.

मोठ्या दिरांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. यांनी घोट घेतला, मांडणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांना सगळं कळलं. आत्याबाईंनी स्वतःचा घोट घेतला आणि मिठाची चव त्यांनाही कळली.

मोठे दीर वाईट माणूस नव्हते. अगदी हळू म्हणाले, "आई, बास झालं. चल घरी. या वयात कशाला ही ओढाताण?"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मोठ्या दिरांपुढं आम्ही बोलत नसू. डोक्यावरचा पदर सावरून आतल्या बाजूला उभं राहायचं, एवढंच. आणि खरं सांगू का, नुसता पदर नव्हता आड येत. आपली चूक सांगायची भीती वाटत होती.

आत्याबाई म्हणाल्या, "व्हय. माझाच हात चुकला. येते मी." माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाल्या, "माझी पिशवी दे, बाई. कोठीच्या मागं हाय."

धान्याच्या कोठीमागं मी हात घातला. कापडी पिशवी, तोंड नाडीनं आवळलेलं. चार दिवसांपूर्वी घर काढताना मी हीच पिशवी उचलून खालचा केर काढला होता आणि पुन्हा तिथंच ठेवली होती. तेव्हा वजनाकडं लक्षही गेलं नव्हतं; आता हातात घेतल्यावर ती भरलेली लागली. नाडी सोडली. दोन लुगडी, चोळ्या, फणी, मिश्रीची डबी, सगळं नीट घडी घालून. त्या आल्या तेव्हा होतं तसंच.

"आत्याबाई," मी म्हणाले, "पाच महिने तुम्ही पिशवीतून काढून नेसताय?"

"मग कुठं ठिवू?" त्या म्हणाल्या. रागानं नाही, सरळ विचारलं. "तुमच्या घरात समद्याला जागा ठरल्याली. माझ्या लुगड्याची कुनी सांगितली न्हाई."

यांनी मान खाली घातली. एकवीस डब्यांना नंबर घातलेला माणूस तो. आणि मी? त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारणारी, त्यांनी राहावं म्हणून जीव टाकणारी. आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

मग माझं तोंड सुटलं. पदर कुठं गेला ते बघितलं नाही. दिरांकडं वळून म्हणाले, "दादा, त्यांचा हात चुकला नाही. डबे मी हलवले. बायकांत मिरवायला हलवले आणि परत ठेवायला विसरले. पाच महिन्यांत त्यांच्या हातून एक चमचा चुकला नाही. ओरडायचं तर मला ओरडा, पण त्यांना नेऊ नका." बोलताना मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. धाकट्या भावजयीनं दिरांना कधी असं काही ऐकवलं नव्हतं.

मांडणीची मधली फळी माझी होती. माझी ठेवणीतली पातळं, पावडर, आरसा. सगळं काढून खाटेवर टाकलं. फळी पदरानं पुसली. आत्याबाईंना हाताला धरून तिथं नेलं, पाटावर बसवलं. त्यांची लुगडी पिशवीतून एक एक काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी आधी लुगडं ठेवलंच नाही. फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला, परत उलटा आणला. "पुरी माझी?"

"पुरी."

त्यांनी लुगडी ठेवली, शेजारी चोळ्या, कडेला फणी. मिश्रीची डबी दोनदा जागा बदलून बघितली. मग फळीवरचा हात तसाच ठेवून थोरल्या लेकाला म्हणाल्या, "तू जा, बाबा. तुझी गाडी चुकंल."